दिवा काढला तरी उंदीर कळ दाबतच राहिला

वर्तन-विश्लेषणाच्या लॅबमधलं माझं पहिलं काम अगदीच किरकोळ वाटलं होतं. पिंजऱ्यात एक कळ. उंदराने ती दाबली की छोटा दिवा क्षणभर लागायचा. खाणं नाही, पाणी नाही, तरी पठ्ठ्या दाबायचा. नुसता प्रकाशही प्रबलक (म्हणजे ज्यामुळे वर्तन टिकतं किंवा वाढतं असा परिणाम) ठरू शकतो हे १९५०च्या दशकातच दिसलं होतं, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. मग विलोपन, म्हणजे प्रबलक काढल्यावर वर्तन ओसरतं का, ते बघायला मी दिव्याची वायर काढली. उंदीर आपला निवांत कळ दाबतोय!

दोन दिवस मी वहीत ‘सवय लागली असावी’ असं लिहिलं. आज ते वाक्य वाचून लाज वाटते. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याचा पंखा बंद होता, तेव्हा ऐकू आलं: प्रत्येक दाबाला रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ‘टक्’ करत होता. दिवा गेला होता, टक् राहिला होता. रिले लांब नेऊन फोममध्ये गुंडाळला, तेव्हा कुठे दाबण्यांचा आकडा उतरला.

‘स्वयंप्रबलित वर्तन’ हे नाव असंच फसवतं. ऐकलं की कारण सापडल्यासारखं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की प्रबलक दुसरं कोणी देत नाही, तो वर्तनातूनच निघतो. नेमका कोणता, हे शोधायचं बाकीच असतं. (काम झाल्यावर स्वतःलाच बक्षीस देणं हे वेगळं प्रकरण. त्या ‘स्व-प्रबलना’ला चार्ल्स कटानिया यांनी १९७५ मध्ये सरळ मिथक म्हटलं.) अर्नोल्ड रिन्कोव्हर यांच्या १९७०च्या दशकातल्या कामात एक स्वमग्न मुलगा टेबलावर सतत ताटली फिरवायचा. टेबलावर गालिचा अंथरला, आवाज गेला, फिरवणं थांबलं. एवढं साधं, पण परिणाम वेगळा काढून दाखवलेला.

खरी पंचाईत चाकाची. उंदीर चाकात पळतो ते पळण्यासाठीच. मग पळण्यातून पळण्याचा परिणाम वजा कसा करायचा? उपाय म्हणजे चाकाला ब्रेक लावायचा आणि तो सोडवणारी कळ उंदराला द्यायची. आता पळणं मोजूनमापून देता येतं, रोखताही येतं. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९६२ मध्ये यातलीच गंमत दाखवली: तहानलेले उंदीर पाण्यासाठी पळतात, आणि चाकापासून दूर ठेवलेले उंदीर पळायला मिळावं म्हणून पाणी पितात. नवख्याने सुरुवात करावी ती इथून, असं माझं मत.

या क्षेत्रात यायचं असेल तर आधी प्राणी-प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी कशी मिळते ते समजून घ्या, त्यात बराच वेळ जातो. आणि तासाची एकूण बेरीज बघून निष्कर्ष काढू नका. दिवा-आवाजासारखे प्रबलक एकाच बैठकीत फिके पडतात. मिनिटामिनिटाचा आलेख काढा, आणि पंखा बंद करून एकदा नुसतं ऐका.