इअरफोनमध्ये आवाज पोकळ, गायक मधोमध ऐकू येत नाही : माझा अनुभव

लक्षण असं: ०.७८ मिमी टू-पिन इन-इअरला (कानात बसणारे इअरफोन, ज्यांच्या प्रत्येक बाजूला केबल दोन पिनांच्या प्लगने लागते आणि निघते) नवी केबल लावल्यापासून दोन्ही बाजू सारख्याच जोरात वाजत होत्या, पण बेस हलका आणि गायकाचा आवाज डोक्याच्या मध्यात न येता दोन्ही कानांकडे पांगलेला.

टिप्स बदलल्या, जाळी साफ केली, इक्वलायझर वरखाली केला. उपयोग शून्य. अक्षरशः डोकं उठलं.

कारण केबलमध्ये होतं. एका प्लगच्या तारा उलट जोडलेल्या, म्हणजे त्या बाजूची पोलॅरिटी उलटी. एका इअरफोनमधला आवाज करणारा पडदा पुढे सरकतो तेव्हा दुसऱ्यातला मागे.

आधी फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत एकच आवाज) चालू करा आणि नुसतं बोलणं असलेलं काहीतरी लावा. आवाज मधोमध एका जागी बसला, तर दोष दुसरीकडे शोधा. पांगला, तर गाणं थांबवा, फक्त एका बाजूचा प्लग बुडाशी धरून सरळ ओढा (तिरका ओढलात तर पिन वाकते), अर्धा फिरवून सरळ दाबा आणि पुन्हा ऐका. दोन्ही बाजू फिरवू नका, परिस्थिती जैसे थे राहील. सॉकेटला खाच असेल तर प्लग उलटा बसणारच नाही. मग केबल बदलून घ्या.

प्लग फिरवला की कानामागचा बाक उलट्या दिशेला जातो. केबलवरची, कानामागे बसणारी नळी हेअर ड्रायरने कोमट करून नवा बाक दिला, थंड होईपर्यंत धरून ठेवला. तो प्लग कसा बसवायचा हे लक्षात राहावं म्हणून त्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. शेवटी मोनो बंद करायला विसरू नका.