वहीतली रोजची सही
यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलं की घरच्यांचे कान फोनकडे लागतात. फोन चार्ज असावा, बॅग भरलेली असावी, हे झालंच. पण खरी नजर माणसावर हवी. यकृत थकलं की अमोनियासारखे विषारी पदार्थ रक्तात साठतात आणि मेंदूवर गुंगी चढते. रुग्णाला स्वतःला ते बहुधा उमगत नाही. म्हणून एका वहीत रोज तारीख घालून त्याची सही आणि एखादी ओळ लिहून घ्या. अक्षर बिघडलं, दिवसा झोप नि रात्री जाग सुरू झाली, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. (चिडचिडही वाढते; ती मनाला लावून घेऊ नका, पुष्कळदा आजारच बोलत असतो.) लॅक्ट्युलोज (पोट साफ ठेवणारं औषध) चालू असेल तर दिवसातून २-३ वेळा मऊ शौचाला होतंय ना, हेही तिथेच टिपा. यात लाजण्यासारखं काही नाही, बद्धकोष्ठाने गुंगी वाढते. झोपेची गोळी किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी आपल्या मनाने देऊ नका. रक्ताची उलटी, काळी शौच, ताप किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर वही राहू द्या, थेट रुग्णालय गाठा.