रंध्यासाठी लाकडी पेटी बनवताना या चुका टाळा

माझी पहिली पेटी दिसायला देखणी झाली होती. ओकच्या फळ्या, चारही कोपऱ्यांना डोव्हटेल सांधे (पंख्यासारखे दात एकमेकांत गुंतवलेले), आत गडद हिरव्या फेल्टचं अस्तर, पुढे पितळी कडी. रंधा आत ठेवला, झाकण लावलं आणि तीन महिन्यांनी उघडलं. जिथे फेल्ट टेकलं होतं नेमक्या तेवढ्याच भागावर, रंध्याच्या तळाला तपकिरी गंज चढला होता. शेजारच्या उघड्या फळीवर पडून असलेल्या जुन्या रंध्याला मात्र काहीही झालं नव्हतं. जपण्यासाठी केलेल्या पेटीनंच हत्यार खराब केलं, हे फार लागलं. त्यानंतर बऱ्याच पेट्या केल्या, इतरांच्याही दुरुस्त केल्या, आणि लक्षात आलं की पेटी बिघडते ती बहुतेक वेळा ओलाव्याचा विचार न केल्यामुळे. मापाच्या आणि सांध्यांच्या चुका त्यामानाने लवकर दिसतात.

पुढचं सगळं ४ नंबरच्या, म्हणजे नेहमीच्या मध्यम मापाच्या, लोखंडी रंध्याला धरून लिहिलं आहे. पटाशी, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) किंवा हातकरवतीच्या पेटीलाही त्यातलं बरंचसं लागू पडतं.

मापं पुस्तकातून घेणं

४ नंबरचा रंधा साधारण २५ सेंटिमीटर लांब असतो, पातं ५० मिलिमीटर रुंद, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. एवढ्यावर फळ्या कापल्या की हमखास अडतं. पातं नवं असतं तेव्हा लांब असतं आणि मागच्या बाजूला बरंच वर येतं. मुठीची उंची प्रत्येक बनावटीत थोडी वेगळी असते. म्हणून तुमचाच रंधा कागदावर ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा, आणि गुण्या उभा धरून सगळ्यात उंच टोक कुठे येतं ते नोंदवा. चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर मोकळे सोडा.

बोटांची जागा लोक विसरतात. पेटी घट्ट मापाची झाली की रंधा बाहेर काढायला पेटी उलटी करावी लागते, आणि मग एक दिवस तो फरशीवर पडतो. ओतीव लोखंड पडलं की तडकतं. मुठीच्या दोन्ही बाजूंना निदान दोन सेंटिमीटर जागा हवी. आधी पुठ्ठ्याची पेटी करून रंधा दहा वेळा आत-बाहेर करून बघा. अर्धा तास जातो, पण चांगल्या फळीचा तुकडा वाचतो.

आणि बाहेरचं माप व आतलं माप यांची गल्लत करू नका. फळी १२ मिलिमीटरची असेल तर दोन बाजू मिळून २४ मिलिमीटर जातात.

रंधा तळावर नुसता ठेवून देणं

पेटी उचलली, तिरकी झाली, की पावणेदोन किलोचं लोखंड आत घसरतं आणि बाजूच्या फळीवर आदळतं. काही आठवड्यांत सांधे सैल पडतात. रंध्याच्या पुढे-मागे आणि बाजूला छोटे लाकडी ठोकळे बसवा म्हणजे तो जागचा हलणार नाही. हे ठोकळे चिकटवण्याआधी स्क्रूने तात्पुरते बसवा; पुढे पातं बदललं किंवा दुसरा रंधा ठेवायचा झाला तर सरकवता येतात.

तळाखाली दोन आडव्या पट्ट्या द्या, एक पुढच्या टोकाजवळ आणि एक मागच्या. तोंडाचा भाग, म्हणजे पातं बाहेर येतं ती फट, मधे मोकळा राहतो, पात्याची धार कशालाच टेकत नाही. पटाशीच्या पेटीतही हाच नियम पाळा: पटाशी दांड्यावर आणि मुठीवर टेकलेली असावी, धारेखाली मोकळी हवा असावी.

हल्ली पेटीत लोहचुंबक बसवून हत्यार धरून ठेवतात. मी ते बंद केलं. लोखंडाला चुंबकत्व येतं आणि धार लावताना निघालेला लोखंडाचा बारीक भुसा धारेलाच चिकटून बसतो.

लाकूड फुगतं हे विसरणं

सगळ्यात जास्त पेट्या इथे वाया जातात. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळजवळ हलत नाही, पण रेषेच्या आडवं ते सतत फुगत आणि आकसत राहतं. त्यातही वर्षवलयांच्या कडेकडेने होणारी हालचाल गाभ्यापासून सालीकडे होणाऱ्या हालचालीच्या दुपटीच्या आसपास असते. सागवान हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरी १५० मिलिमीटर रुंदीची चपटी कापलेली (वलयं रुंदीच्या दिशेने पसरलेली) सागवानी फळी, लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर एक मिलिमीटरहून थोडी जास्त सरकते. ओक त्याहून बरंच अधिक हलतं.

आता ही फळी तळ म्हणून चारही बाजूंनी गोंद लावून पक्की केली, तर तिला जायला जागाच नाही. दमट हवेत ती बाजूच्या फळ्या ढकलून सांधे उघडते आणि कोरड्या हवेत मधोमध चिरते. अखंड लाकडाचा तळ खाचेत सुटा बसवा. दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर मोकळं ठेवा आणि हवंच तर मधे एक थेंब गोंद लावा, म्हणजे तो दोन्हीकडे सारखा सरकेल. हा व्याप नको असेल तर चार मिलिमीटरचं प्लाय वापरा. ते नगण्य हलतं, खाचेत गोंद लावून बसवलं तरी चालतं, उलट पेटीला बळकटी येते. माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या पेटीला प्लायचाच तळ घालावा.

झाकणाचं दुखणं वेगळं. चपटी कापलेली फळी सुकताना तिच्या टोकावरची वलयं जणू सरळ व्हायला बघतात, आणि सालीकडची बाजू खोलगट होते. एकाच बाजूला पॉलिश केलं तर हा बाक आणखी वाढतो, कारण दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात. झाकणाच्या आतल्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. आडव्या पट्ट्या लावायच्या तर मधला स्क्रू गोल भोकात आणि कडेचे लांबट भोकांत. पट्टी गोंदाने पूर्ण चिकटवली की झाकण पट्टीच्या कडेने फुटतं.

सरकतं झाकण आवडत असेल तर ते कोरड्या दिवसांत अगदी घट्ट बसवू नका. दमट हवा आली की ते अडकून बसेल.

सांध्यातली खाच आरपार नेणं

डोव्हटेल केलेल्या फळीत तळाची खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत मारली तर पेटी जोडल्यावर कोपऱ्यावर बाहेरून चौकोनी भोक दिसतं. खाच टोकाच्या आधी थांबवा. मारून झाली असेल तर त्याच लाकडाचा तुकडा, रेषेची दिशा जुळवून, भोकात चिकटवा आणि कोरडा झाल्यावर तासून घ्या.

डोव्हटेल जमत नसेल तर अडून बसू नका. खाच पाडून चिकटवलेला आणि लाकडी खुंट्यांनी पक्का केलेला सांधाही वर्षानुवर्षं टिकतो. फक्त फळीचं टोक दुसऱ्या फळीला नुसतं गोंदाने चिकटवू नका. टोकाच्या छेदात गोंद शोषला जातो आणि सांध्यात पुरेसा उरत नाही.

बंद पेटी करून मग झाकण करवतीने वेगळं करायचं असेल तर करवत किती लाकूड खाणार ते सांधे आखतानाच धरा. नाहीतर काप नेमका डोव्हटेलच्या दातातून जातो. कापण्याआधी चारही बाजूंवर खुणा करा, कारण ते झाकण एकाच दिशेने नीट बसतं.

गोंद आणि काटकोन

क्लॅम्प आवळले की पेटी काटकोनात आली असं समजू नका. आतून दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प किंचित तिरका लावा, गोंद ओला आहे तोवरच. गोंद लावण्याआधी एकदा कोरडी जुळणी करून बघितली की ही धावपळ होत नाही.

बाहेर आलेला पांढरा गोंद ओल्या फडक्याने फासू नका. तो लाकडात जिरतो आणि पॉलिशनंतर फिकट डाग म्हणून वर येतो. रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा.

आतून तेल, फेल्ट आणि घाई

आता त्या पहिल्या पेटीकडे येतो. तिथे मी एकाच वेळी चार चुका केल्या होत्या.

ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते आणि बंद जागेत लोखंडाला ती बाधते. शिवाय ओकमधल्या टॅनिनमुळे ओलसर लोखंड टेकलं की लाकडावर निळसर काळे डाग पडतात. आत मी जवसाचं तेल लावलं होतं. बंद पेटीत तेलाला हवा मिळत नाही, ते चिकट राहतं, त्याचा वास जात नाही. फेल्टने ओलावा स्पंजासारखा धरून ठेवला. आणि शेवटचा गोंद लावून दोन दिवस झाले नव्हते तोच मी रंधा आत ठेवला. पांढऱ्या गोंदातलं पाणी सांध्यांजवळच्या लाकडात होतंच.

आता मी आतून लाखेचे पातळ दोन हात देतो किंवा लाकूड कोरंच ठेवतो. अस्तर घालत नाही. लोखंड टेकतं तिथे फक्त कोऱ्या लाकडाच्या पट्ट्या. चामडंही टाळा, कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असू शकतात. पेटी पूर्ण झाल्यावर दोन-तीन आठवडे उघडी राहू द्या. आत नाक घालून बघा. वास येत असेल तर अजून थांबा.

रंधा आत ठेवण्याआधी पुसा. तळहाताच्या घामातलं मीठ हे गंजाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पुसल्यावर खनिज तेलाचा किंवा कमेलिया तेलाचा (चहाच्या कुळातल्या झाडाच्या बियांचं तेल) अगदी पातळ हात पुरतो. सिलिका जेलची पुडी ठेवत असाल तर ती कायमची नाही हे ध्यानात ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले. ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला सुकवून, गार करून परत ठेवा.

जवसाचं तेल बाहेरून लावलंत तर तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा.

बिजागरी आणि कडी

पितळी स्क्रू मऊ असतो. सागवानात थेट पिळला की डोकं तुटून हातात येतं. आधी योग्य मापाचं भोक पाडा, त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा आत-बाहेर करा, मग पितळी स्क्रूला मेण चोळून बसवा. झाकण १२ मिलिमीटरचं असेल तर स्क्रू १० मिलिमीटरहून लांब नको.

पेटी झाली आहे आणि त्रास देते आहे

*झाकण अडतं.* लगेच तासू नका. दमट दिवस असतील तर आठवडाभर कोरड्या जागी ठेवून बघा. तरीही अडलं तर कडांना खडूची पूड लावा, बंद करा, उघडा. जिथे पूड घासली गेली तेवढीच जागा तासा. खाचेत मेणबत्ती फिरवली तरी बराच फरक पडतो.

*पेटी टेबलावर डुगडुगते.* तळाला पीळ आहे. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून पेटी त्यावर फिरवा. खालच्या कडांवर आधी पेन्सिलीच्या रेघा मारा. चारही कडांच्या रेघा गेल्या की थांबा.

*आत चिकट आहे, वास येतो.* टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसा, उघडी ठेवून उजेड आणि वारा लागू द्या. पूर्ण सुकल्यावर लाखेचा हात द्या, वास बराच दबतो.

*रंध्यावर गंज आला.* सपाट ठोकळ्यावर ४०० नंबरचा पेपर गुंडाळा, तेलाचे दोन-तीन थेंब टाका आणि तळाच्या लांबीच्या दिशेने घासा. अस्तर असेल तर ते त्याच दिवशी काढून टाका. माझ्या त्या ओकच्या पेटीतलं हिरवं फेल्ट मी खरवडून काढलं, आत साध्या पट्ट्या बसवल्या आणि आता तिच्यात लाकडी दांड्याचे ब्रश ठेवतो. रंध्यासाठी सागवानाची नवी पेटी केली.