वस्तऱ्याला नवी मूठ बसवताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या शेफिल्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगनचा जुना वस्तरा घासूनपुसून, धार लावून तयार झाला की मुठीचं काम फावल्या वेळचं वाटू लागतं. दोन पट्ट्या कापायच्या, भोकं पाडायची, रिवेट ठोकायचे, झालं. मग एका संध्याकाळी वस्तरा मिटताना धार पट्टीवर घासते आणि महागमोलाची धार गेली!

पहिली चूक जुनी मूठ उतरवताना होते. पट्टीखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, तो घसरला की धारेचा कपचा उडतो. आधी धारेवर जाड चिकटपट्टी लावा, रिवेटचं डोकं कानशीनं सपाट करा आणि बारीक पंचनं रिवेट बाहेर ढकला. तडकलेली मूठसुद्धा फेकायची नाही. पात्याच्या भोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर तिच्याइतकं अचूक दुसरं कोणी सांगणार नाही. मूठच मिळाली नसेल तर जाड पुठ्ठ्याची पट्टी कापून टाचणीवर पातं उघडमीट करून बघा. मिटल्यावर धार सगळ्या लांबीत मुठीच्या आत राहिली पाहिजे आणि पात्याचं टोक पाचरीला, म्हणजे मुठीच्या बंद टोकाशी दोन पट्ट्यांमध्ये बसवलेल्या तुकड्याला, टेकता कामा नये.

अपवाद सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, मुठीचा. ती कुजायला लागली की तिच्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि पात्यावर नेमका तिच्या आकाराचा गंज चढतो. तिची फक्त कागदावर बाह्यरेषा काढून घ्या, मग घरात ठेवू नका. मोटारीवर तर मुळीच घासू नका, ती भपकन पेटते.

पाचर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लोक नेमका इथेच सपाट तुकडा घालून मोकळे होतात. पाचर टोकाकडे जाड आणि पात्याकडे पातळ हवी. तशी असली की दोन्ही पट्ट्या पुढे जाता जाता एकमेकींकडे झुकतात, पात्याची मान (भोकाजवळचा जाड भाग) त्यांना पुन्हा फाकवते, आणि त्या ताणामुळे पातं जिथे ठेवाल तिथे राहतं. सपाट किंवा मानेइतकीच जाड पाचर घातली तर हा ताणच येत नाही. मग पातं लटपटतं, आणि रिवेट कितीही ठोकला तरी फरक पडत नाही.

मिटताना पातं एका बाजूला घासत असेल तर क्रमानं तपासा. पाचर डावी-उजवी सारखी उतरली आहे का? पट्ट्या सारख्या जाडीच्या आहेत का? भोक सरळ उभं पडलंय का? शेवटी पातंच मुळात वाकडं आहे का, तेही पाहा. जुन्या वस्तऱ्यांत असतं तसं. भोकांची भानगड टाळायची तर दोन्ही पट्ट्या दुतर्फी चिकटपट्टीनं जोडून एकदमच पाडा. रिवेटची तार साधारण 1.6 मिलिमीटरची असते, तेवढ्याच जाडीचा बारीक नट-बोल्ट घालून आधी सगळं तात्पुरतं जुळवा. हा टप्पा गाळणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती नाही.

लाकूड आणि आपली हवा

गोव्यात जुन्या घरांतून शिसवीच्या खुर्चीचा मोडका हात मिळतो. तो सोन्यासारखा माल: वर्षानुवर्षं मुरलेला आणि चिवट. घासताना मास्क लावा, शिसवीची धूळ अनेकांना बाधते. माडाचं लाकूड दिसायला देखणं, पण त्याचे तंतू कडेला सुटतात. बाहेरचा काळपट, कठीण भागच घ्या. घरातला हस्तिदंत किंवा कासवाची पाठ कापण्याचा मोह मात्र आवरा, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

पट्टी 3 मिलिमीटर जाडीच्या आसपास, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनं. कापल्या कापल्या वापरू नका. पातळ चिरलेलं लाकूड पीळ खातं, त्याला काही दिवस सावलीत पडू द्या. हे काम जून ते सप्टेंबरमध्ये काढलं तर हिवाळ्यात पट्ट्या आकसून सैल होणार, हे धरून चाला.

खोबरेल तेल चोळून चमक आणणं ही इथली लाडकी चूक. ते सुकतच नाही, चिकट होतं आणि खवट वास मारतं. लाखेचं पॉलिश आफ्टरशेव्हमधल्या अल्कोहोलनं विरघळतं, साबणाच्या पाण्यानं पांढुरकं पडतं. पक्क्या, म्हणजे लवकर सुकणाऱ्या, जवसाच्या तेलाचे पातळ थर द्या, आतल्या बाजूला आणि भोकांतही, तेसुद्धा जुळणीआधी. नंतर तिथे बोट पोचत नाही. तेलाचं फडकं गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतं. पसरून वाळवा.

रिवेट

तार वॉशरबाहेर दोन्हीकडे जेमतेम 1 मिलिमीटर ठेवा. जास्त ठेवली की ती वाकते आणि मूठ तडकते. सोनाराकडची लहान हातोडी आणि ऐरण मिळाली तर उत्तम. हलक्या हातानं, कडेकडेनं, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून ठोका आणि दर चार-पाच टोल्यांनी पातं फिरवून बघा. सैल राहिलं तर आणखी ठोकता येतं. आवळलं गेलं तर रिवेट कापण्यावाचून इलाज नाही.

चवथीच्या सुमारास पातं जड फिरू लागलं तर लगेच रिवेटला हात लावू नका. लाकूड फुगलेलं असतं. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासा.