केमोनंतर सांधे धरतात तेव्हा काय करावं

अंडाशयाच्या कॅन्सरची केमो संपली की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, ‘आता भरपूर आराम कर.’ सांधे धरलेल्या बाईला याहून वाईट सल्ला नाही.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानंतर एक ते तीन दिवसांत अंगभर उठणारी ठणक बहुधा आठवडाभरात ओसरते. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शननं हाडं दुखतात, तीही काही दिवसच. बोटांना मुंग्या, बधिरपणा, तळपायाची आग हे नसांचं दुखणं. त्याची औषधं वेगळी. सकाळी गुडघे, बोटं, घोटे आखडलेले आणि हालचालीनंतर मोकळे होणारे, हे सांध्यांचं. पाळी चालू असताना दोन्ही अंडाशयं काढली असतील तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक एकदम घटतं, त्यानंही सांधे दुखतात. बेव्हासिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) किंवा लेट्रोझोल (इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी) चालू असेल तर त्याचाही हात असू शकतो. पण ते औषध मनानं बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

कुठे, कधी, किती वेळ दुखलं ते वहीत लिहा. तपासणीच्या खोलीत काही आठवत नाही.

आता हालचाल. मला सगळ्यात जड गेलं ते हेच, कारण ‘चालत राहा’ म्हणणारे किती चालायचं ते सांगत नाहीत. सुरुवात अंथरुणातच करा: पाठीवर पडून घोटे वर-खाली, टाचा अंथरुणावर घासत गुडघे वाकवणं, मुठी उघडणं-मिटणं. मग पलंगाच्या कडेला बसून थोडं थांबा आणि मगच उभ्या राहा. पाय बधिर असतील तर घरातही घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणं हवीत. अंधारात अनवाणी फिरणं बंद म्हणजे बंद.

चालण्याला माझा एकच नियम: चालून झाल्यावर दोन तासांनी दुखणं सुरुवातीपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या वेळी कमी चाला. पण चाला. घात करतो तो बरा दिवस. जरा हलकं वाटलं की बाई कपाटं आवरायला घेते आणि पुढचे दोन दिवस आडवी पडते. म्हणून बऱ्या दिवशीही ठरल्याइतकंच, आणि वाईट दिवशी निम्मं का होईना, पण करायचं. ‘सहन होईल तेवढं ताणा’ म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा. फिजिओथेरपिस्ट मिळाला तर कॅन्सरचे रुग्ण पाहिलेला शोधा. हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे व्यायाम वाढवण्याआधी विचारा. अंडाशयं लवकर गेल्यावर हा धोका खरा असतो.

शेक बरा वाटतो, पण बधिर पायांना गरम पिशवी लावू नका. भाजलेलं कळतच नाही. पाणीही कोपरानं तपासा.

वेदनाशामक गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून नको. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पॅरासिटामॉल ताप झाकतं, म्हणून केमो चालू असेल तर आधी थर्मामीटर लावा, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर गोळी बाजूला ठेवून लगेच रुग्णालयात फोन. नसांच्या दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. हळदीच्या कॅप्सूल, ‘सांधे मोकळे करणारी’ चूर्णं त्यांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, विशेषतः उपचार चालू असताना.

पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही अशा गोष्टी: एकाच पोटरीला सूज आणि दुखणं (रक्ताची गुठळी असू शकते), एखादा सांधा लाल, गरम, सुजलेला, झोपेतून उठवणारी नवी पाठदुखी, पायांतली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा. ‘केमोनंतर असं होतंच’ असं घरचे म्हणाले तरी थांबू नका.