श्वास पुरवून वापरायचा असेल, तर या चुका टाळा

सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुनाट आजार असला की दोन दिवस सारखे जात नाहीत. एखाद्या सकाळी जिना सहज चढून होतो, तर दुसऱ्या सकाळी दात घासतानाही धाप लागते. मग दिनचर्या आखून उपयोग काय, असे अनेकांना वाटते. पण दिवसाचा भरवसा नसतो म्हणूनच ती लागते. आणि ती मोडते बहुधा बरे वाटते त्या दिवशी.

बरे वाटले की सगळे उरकून टाकणे

मला ही चूक सर्वांत महागाची वाटते, कारण ती उत्साहाच्या भरात होते. आठवडाभर तुंबलेली कामे एका सकाळी हातावेगळी होतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. तोवर कामे पुन्हा तुंबलेली असतात. त्यापेक्षा दमवणारे एकच काम एका वेळी ठेवा. आंघोळ आणि बाहेर जाणे लागोपाठ नको, मध्ये निवांत बसा. आंघोळ स्टुलावर बसून करा. अंग खसाखसा पुसण्याऐवजी टॉवेलच्या कापडाचा गाऊन चढवला, तर पाणी आपोआप टिपले जाते.

हात डोक्याच्या वर गेले की दम का लागतो, हे कळले तर बरेच सोपे होते. मान आणि खांद्यांचे काही स्नायू या आजारात श्वासाला हातभार लावत असतात. हात वर गेले की तेच स्नायू त्या कामात अडकतात. म्हणून रोजच्या वस्तू कंबर ते खांद्याच्या उंचीत ठेवा. वाकताना, उचलताना श्वास रोखू नका. जोर लावायच्या क्षणी तो तोंडाने सोडा. पोट तुडुंब भरले तरी छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली सरकायला जागा उरत नाही, तेव्हा थोडे थोडे, अधिक वेळा खा.

धापेच्या भीतीने बसून राहणे

हे दुसरे टोक. पाय वापरले नाहीत की त्यांचे स्नायू दुबळे होतात, तेवढ्याच चालण्याला जास्त ऑक्सिजन लागू लागतो आणि धाप वाढते. म्हणजे भीती खरी ठरत जाते. डॉक्टरांना विचारून रोज ठरल्या वेळी चाला, सुरुवात 5 मिनिटांची असली तरी चालेल. थोडी धाप लागावी, पण छोटे वाक्य बोलता यावे, इतकाच वेग ठेवा.

सोबत श्वासाचा सराव हवा: नाकाने 2 आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या, ओठांचा चंबू करून 4 मोजेपर्यंत हलकेच सोडा. त्यामुळे श्वासनलिका जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. हे दम लागल्यावर पहिल्यांदा करून बघायचे नसते. शांत बसलेले असताना अंगवळणी पाडा.

आज बरे आहे, पंप कशाला?

आज बरे आहे ते बहुतेक कालच्या पंपामुळे, म्हणजे श्वासावाटे औषध देणाऱ्या इनहेलरमुळे. रोजचा पंप वेगळा, तातडीचा वेगळा. रोजचा स्वतःहून बंद करू नका. तो दात घासण्याच्या आधी घ्यायची सवय लावा. म्हणजे विसरत नाही आणि चूळही आपोआप भरली जाते. स्टिरॉइडच्या पंपानंतर ती गरजेचीच, नाहीतर तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

पद्धतही तपासून घ्या. फवाऱ्याचा पंप हलवून, हळू आणि खोल ओढायचा, पावडरचा जोरात. नंतर जमेल तसा 10 सेकंदांपर्यंत श्वास धरायचा. वर्षानुवर्षे पंप वापरणारेही इथे चुकतात, म्हणून दर भेटीत डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवा.

घरी ऑक्सिजन असेल, तर दम लागला म्हणून त्याचा प्रवाह मनाने वाढवू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो.

"दोन दिवस बघू"

दिनचर्येचा मोठा फायदा असा, की बिघाड लवकर नजरेत येतो. रोजच्याच वाटेवर दोनदा जास्त थांबावे लागले, कफ वाढला, घट्ट झाला किंवा हिरवट-पिवळा पडला, तर वहीत लिहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अशा वेळी काय करायचे, हे बरे असतानाच त्यांच्याकडून लिहून घ्या आणि घरच्यांनाही दाखवून ठेवा. ओठ निळसर पडले, एक वाक्यही पुरे बोलवेना किंवा गुंगी येऊ लागली, तर फोनाफोनीत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठा.