रेडिओ मोडेमची सेटिंग्ज: किती वेळ बोलायचं आणि कधी झोपायचं

माझ्या पहिल्याच कामात नदीची पाणीपातळी कळवणारी चौदा केंद्रं एका दुपारी एकदम गप्प झाली. आधी वाटलं मुख्य केंद्राचा रिसीव्हर गेला. तो ठणठणीत होता. दिशादर्शक अँटेना आणि हातातला रिसीव्हर घेऊन शोधत गेलो, तेव्हा सातव्या केंद्रावर पेटी उघडताच मोडेमचं (केंद्राचा डेटा रेडिओवरून पाठवणाऱ्या यंत्राचं) आवरण हाताला चटका देण्याइतकं तापलेलं, आणि ट्रान्समिटचा लाल दिवा अखंड पेटलेला. सीरियल केबलची ग्राउंडची तार सैल झाली होती. त्या तारेवरचा गोंगाट मोडेमला डेटा वाटत होता आणि तो बिचारा मिळेल ते सगळं हवेत सोडत होता. चॅनेल सगळ्यांचा एकच, त्यामुळे बाकी तेरा केंद्रांना बोलायला जागाच उरली नाही.

मोडेम काही बिघडला नव्हता. ट्रान्समिट टाइमआउट, म्हणजे एका वेळी सलग किती वेळ पाठवायचं याची मर्यादा, शून्यावर ठेवलेला होता, आणि त्या मोडेममध्ये शून्याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’ असा होता. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणूनच आधी हे सांगतो: कोणत्याही सेटिंगमध्ये शून्य दिसलं, तर मॅन्युअल उघडून त्याचा अर्थ बघा. काही ठिकाणी शून्य म्हणजे बंद, काही ठिकाणी अमर्याद.

मर्यादा किती ठेवायची, हे अंदाजाने ठरवू नका. आमचा सगळ्यात मोठा संदेश ४०० बाइटचा. हवेतला वेग ९६०० बिट प्रतिसेकंद. ४०० गुणिले ८ म्हणजे ३२०० बिट, म्हणजे एक तृतीयांश सेकंद. सुरुवातीचा प्रिअँबल (रिसीव्हरला सावध करणारे बिट), पत्ता आणि चूक दुरुस्तीचे जादा बिट धरले की साधारण अर्धा सेकंद. मी मर्यादा ३ सेकंद ठेवली. फार घट्ट ठेवली तर मोठा संदेश मध्येच तुटतो, आणि हा दोष शोधायला फार त्रास देतो, कारण छोटे संदेश व्यवस्थित पोचत राहतात. आणखी एक बघायचं: मर्यादा संपल्यावर मोडेम किती वेळ गप्प राहतो? काही मोडेम थांबतात आणि सीरियल लाइनवर डेटा येतच असला, तर लगेच पुन्हा सुरू होतात. तसं असेल तर त्या मर्यादेचा उपयोग जवळजवळ शून्य. सक्तीच्या विश्रांतीचा काळ देता येत असेल, तर तो द्याच.

काही बँडमध्ये ही मर्यादा कायद्यानेच घातलेली असते. युरोपात ८६८.० ते ८६८.६ मेगाहर्ट्झमध्ये बहुतेक साधनांना १ टक्का ड्यूटी सायकल (एकूण वेळेतला पाठवण्याचा वाटा), म्हणजे तासाला ३६ सेकंद. लोरा (कमी विजेत लांब पोचणारी रेडिओ पद्धत) वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थवर २० बाइटचा संदेश स्प्रेडिंग फॅक्टर (जितका मोठा, तितका संदेश लांब पोचतो पण हळू जातो) ७ ला साधारण ५७ मिलिसेकंदांत जातो, तोच १२ ला सव्वा सेकंदाहून जास्त घेतो. ‘लांब पोचावं म्हणून १२ ठेवला’ म्हणणाऱ्याचं तासाभराचं खातं सत्तावीस संदेशांतच संपतं.

आता वीज. माझी समजूत होती की बॅटरी खाते ती ट्रान्समिशन. मग मी मीटर लावून मोजलं. पाच वॉटवर ट्रान्समिट करताना दीड अँपिअर, पण दर पंधरा मिनिटांनी फक्त अर्धा सेकंद. सरासरी काढली तर ०.८ मिलिअँपिअर. नुसतं ऐकत बसायला मात्र सलग १०० मिलिअँपिअर! ७ अँपिअर-तासाची बॅटरी अशा ऐकण्यानेच तीन दिवसांत रिकामी होते. तोच मोडेम झोपेत १ मिलिअँपिअर घेतो. दर पंधरा मिनिटांनी दहा सेकंद जागा केला, तर सगळं मिळून सरासरी तीनच्या आसपास येते. कागदावर तीन महिने. डेटालॉगरचा (मोजमापं नोंदवून मोडेमला देणाऱ्या यंत्राचा) विजेचा खर्च आणि बॅटरीचं वय धरून मी त्याच्या निम्मेच मोजतो.

मग पॉवर कमी करायची कशाला? शेजाऱ्यांसाठी, आणि व्होल्टेजसाठी. पाच वॉटवरून एकवर आलात तर सात डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीतला फरक मोजायचं माप) जातात. मुख्य केंद्रावर सिग्नल उणे ७५ डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत किती डीबी) आणि रिसीव्हरला ऐकू येणारा सगळ्यात क्षीण सिग्नल उणे ११० असेल, तर हाताशी ३५ डीबी आहेत, त्यातले सात सहज देता येतात. मी २० डीबीच्या खाली जात नाही, पाऊस आणि वाढलेली झाडं आपला वाटा घेतातच. दीड अँपिअरचा झटका बारीक तारेतून गेला की व्होल्टेज खाली येतं, मोडेम रीसेट होतो, उठून पुन्हा पाठवायला बघतो, पुन्हा पडतो. पहाटे, बॅटरी उतरलेली असताना हे हमखास होतं. सकाळी ऊन पडलं की सगळं ठीक, आणि तुम्ही पोचेपर्यंत दोष गायब.

झोप चालू केल्यावर नवख्यांना हटकून अडवणारी गोष्ट म्हणजे तीन तारांची केबल. बऱ्याच मोडेममध्ये झोपवणं-उठवणं डीटीआर (‘मी तयार आहे’ हे मोडेमला सांगणाऱ्या) पिनवर चालतं आणि तीन तारांत ती पिन जोडलेलीच नसते. मोडेम मग कायम झोपतो किंवा कधीच झोपत नाही. शिवाय जागं व्हायला वेळ लागतो. डेटालॉगरने लगेच अक्षरं सोडली तर पहिली काही हरवतात. सीटीएस (‘आता पाठव’ हा मोडेमचा इशारा) वर येईपर्यंत त्याला थांबायला लावा. ती सोय नसेल तर मोजून थोडी जादा वाट पाहायला लावा.

शेवटची गोष्ट मी फार उशिरा शिकलो. झोपलेल्या केंद्राचं सेटिंग दुरून बदलता येत नाही. एक आकडा चुकला की चिखल तुडवत तिथवर जाणं आलं. म्हणून प्रत्येक केंद्राला रोज ठरलेल्या वेळी ऐकण्याची खिडकी ठेवा, आणि ती किती रुंद हवी हे घड्याळावरून ठरवा. घड्याळातला २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस इतकी चूक असणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद सरकतो, महिनाभर वेळ जुळवली नाही तर ५२ सेकंद. मुख्य केंद्राचं घड्याळही उलट्या बाजूला तेवढंच सरकू शकतं. मी खिडकी ठरलेल्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन मिनिटांची ठेवतो आणि प्रत्येक भेटीत पहिला संदेश वेळ जुळवण्याचाच पाठवतो.